आत्यांच्या भुवया लाल का होत्या?

परवा सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना घेऊन निपाणीहून बेळगावला गेले होते. टिळकवाडीतल्या छातीच्या डॉक्टरांकडे. खोकला काही केल्या हटत नव्हता, आणि जिना चढताना तर मध्येच टेकायच्या बिचाऱ्या.

गूळ झाला, ओवा झाला, हळदीचं दूध झालं... आत्यांच्या मते सगळा दोष शेजारणीच्या मिरचीच्या फोडणीचा. तिच्याशी भांडूनही झालं!

आता आमचं घर म्हणजे सकाळपासून दोघींच्या दोन मशीन सुरू. बाळांची थंडीची टोपरी शिवतो, लाल लवेच्या कापडाची. पंखा लावायचा नाही, तुकडे उडतात. खिडकी उघडायची नाही, रस्त्याची धूळ मालावर बसली की शेठ माल परत पाठवतात. टोपरी एकदम स्वच्छ हं... लव सगळी आमच्या नाकात.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काम काय करता?"

"काय न्हाय ओ. घरातच असतोय."

"धुळीत वगैरे?"

"छ्या! धूळ घरात शिरूच देत न्हाय मी. खिडक्या बंद असत्यात."

डॉक्टरांनी मान वर करून बघितलं. आत्यांच्या भुवया लाल, केस लाल... "आजी, रंगपंचमी खेळून आलात काय?" मला हसू आवरेना. मग मीच सगळं सांगितलं.

"मग हे काम नव्हे का?" डॉक्टर म्हणाले.

"मशीन व्हय? ते घरचंच की ओ!"

आता मात्र डॉक्टर हसले नाहीत. हे असंच चाललं तर छाती कायमची धरेल, म्हणाले. खिडकी उघडायची, झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसायचं, मशीनवर बसताना नाकाला मास्क. मग माझ्याकडे वळले, "आणि तुम्ही काय करता?"

"मी... घरीच असते." अहो, तोंडातून आपोआप निघालं!

आत्या ताडकन उठल्या. "खोटं बोलत्या ओ ही! माझ्या शेजारीच मशीन हाय हिची. मला ऐकू येऊ नये म्हणून पदरात तोंड घालून खोकत असत्या. आदी हिची छाती बघा, माझं ऱ्हाऊ दे."

डोळेच भरले माझे... मला आपलं वाटायचं, ह्यांचं लक्ष फक्त माझ्या वाकड्या शिलाईवर!

आता आमची खिडकी उघडी असते. शेठ बोलतील, बोलू देत. घरी शिवणाऱ्या बायांनो, डॉक्टरांनी विचारलं तर "शिवणकाम करते" असं ठणकावून सांगा गं.

आणि आत्या, थँक्यू... तोंडावर म्हटलं तर "लई शानी झालीस" म्हणाल, म्हणून इथं लिहितेय.