बाबा आणि माझ्या पेपरचे दाखले

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. दिल्लीतल्या एका हॉस्पिटलात रुग्ण तपासते, शिकवते आणि उरलेल्या वेळात संशोधन करते. बाबांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका पेन्शन विभागात गेली. निवृत्तीनंतर दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ते माझ्याकडे गाझियाबादला आले, तेव्हा त्यांना दिवस खायला उठायचा.

"तू एवढं लिहितेस, ते कुणी वाचतं का गं?" त्यांनी एकदा विचारलं. मी त्यांना मोबाइलवर एक पान उघडून दिलं. माझे सगळे पेपर, आणि प्रत्येकापुढे तो किती संशोधकांनी आपल्या पेपरात उद्धृत केला, तो आकडा.

"म्हणजे तुझा दाखला दिला," बाबा म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात सायटेशनला दाखला म्हणतात.

रोज सकाळी चहाबरोबर बातमी यायची. "आज एक वाढला. ब्राझीलहून!" मग नागपूरला आत्याला फोन. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनाही सांगून झालं, "हमारी बेटी को ब्राज़ील में पढ़ते हैं." मी अगदी कानकोंडी व्हायचे, पण खोटं कशाला बोलू, सकाळी बातमीची वाट बघायचे.

सगळ्यात जास्त दाखले दिल्लीजवळच्या मानेसरवर लिहिलेल्या पेपरला होते. तिथल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत मशीनवर सतत एक तेलकट पाणी सोडतात, आणि कामगारांचे हात दिवसभर त्यात असतात. खाज, भेगा, इसब. मी शेकडो हात तपासून लिहिलं होतं की जुन्या कामगारांना त्रास कमी असतो. त्वचेला हळूहळू सवय होत असावी.

मग एका आठवड्यात बाबांकडून बातमीच येईना. विचारलं तर म्हणायचे, "काही विशेष नाही." रविवारी त्यांच्या उशीशी मला काही छापील पानं दिसली. शब्दाशब्दावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिले होते. ती पानं बेंगळुरूच्या एका तरुण संशोधिकेच्या पेपरची होती.

"एक दाखला आलाय," बाबा खाली बघत म्हणाले. "पण बरा नाहीये. ती म्हणते, तुझं चुकलं."

"मला माहीत आहे, बाबा. मी गेल्या सोमवारीच वाचलाय."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्हीही कुठे बोललात?"

बाबांनी पानांची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "आणि हाही आकड्यात धरतात? चूक काढली तरी दाखला वाढतो?"

"वाढतो."

"कमाल आहे! पण काय गं, ती म्हणते ते बरोबर आहे का?"

तिचं म्हणणं साधं होतं. ज्यांचे हात फार बिघडले, ते काम सोडून गेले. मी तपासले ते टिकलेल्यांचे हात. सवय वगैरे कुणाला झालीच नव्हती. हे बाबांना सांगताना मला लाज वाटत होती. ते मात्र लगेच म्हणाले, "मग गेलेले कुठे आहेत?"

तो त्यांचा हातखंडा प्रश्न होता. पत्ता बदललेले पेन्शनर शोधण्यात त्यांची हयात गेली होती. मी बेंगळुरूला मेल लिहिला, "तुमचं बरोबर आहे. पुढचं काम एकत्र करू या का?" तिचा होकार आला. हॉस्पिटलच्या समितीची परवानगी घेऊन बाबांना मदतनीस केलं. कारखान्यांकडून सोडून गेलेल्यांच्या याद्या मिळवल्या आणि बाबा फोनला बसले. "मैं डॉक्टर साहिबा का पिताजी बोल रहा हूँ. आपके हाथ कैसे हैं?" निम्मे लोक फ्रॉड समजून फोन ठेवून द्यायचे. बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचे.

पहिला भेटला तो मानेसरमध्येच शेअर ऑटो चालवत होता. त्यानं स्टँडवरच हात पुढे केले. स्वच्छ, मऊ तळवे. "काम छोड़ा तो ठीक हो गए, मैडम. तब तो रोटी तोड़ने में भी ख़ून आता था." बाबांनी त्याचा एक हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उलटसुलट करून बघितला, जणू तपासणारे डॉक्टर तेच. तो हसायला लागला. आम्ही तिघं तिथेच चहा प्यायलो.

अशी बरीच माणसं सापडली. बेंगळुरूची संशोधिका आणि मी, आम्ही दोघींनी मिळून नवा पेपर लिहिला आणि माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता, असं त्यात स्पष्ट म्हटलं. एका कारखान्यानं हातमोजे वेळेवर बदलून द्यायला सुरुवात केली. बाकीच्यांनी पेपर वाचला की नाही, कोण जाणे.

गंमत म्हणजे दाखले अजूनही जुन्या पेपरलाच जास्त येतात. बाबा त्यावर भयंकर चिडतात. आता त्यांनी एक काम अंगावर घेतलंय. जुन्या पेपरचा दाखला देणाऱ्या प्रत्येक संशोधकाला ते स्वतः मेल लिहितात: कृपया नवा पेपर पाहावा, आधीच्यात चूक राहिली आहे. खाली सही, "लेखिकेचे वडील".

बहुतेक जण उत्तर देत नाहीत. परवा पोलंडहून एकाचं आलं, आभार मानणारं. बाबांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं आणि आत्याला फोन लावला.