कानामागची पेन्सिल

एडिनबराजवळ आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांच्या कानामागे कायम पेन्सिल असते, पण त्यांना लिहिताना मी कधी पाहिलेलं नाही. ते पेन्सिलीचं टोक बंदुकीच्या शिशाच्या गोळीवर ओढतात. ओरखडा उठला, तर शिसं मऊ.

हरणाच्या माझ्या पहिल्या शिकारीसाठी मी छापखान्यातले जुने टाइप, म्हणजे शिशाची अक्षरं, वितळवून चकचकीत, कडक गोळ्या ओतल्या आणि जवाहिऱ्याच्या थाटात त्यांच्यापुढे मांडल्या. पेन्सिल नुसतीच घसरली.

"दागिने झकास झालेत! बायकोला घाल," काका म्हणाले. "अरे, ही गोळी न पसरता आरपार जाईल, आणि हरीण जखम घेऊन दिवसभर पळत राहील."

त्यांनी सगळ्या गोळ्या वितळवल्या, जुन्या छपरावरच्या पत्र्याचं मऊ शिसं मिसळलं आणि माझ्याकडून नव्या ओतून घेतल्या.

शनिवारी हरीण जागच्या जागी कोसळलं. काकांनी टोपी काढली, तशी पेन्सिल खाली पडली. ती उचलायला मी वाकलो, आणि वाकलोच होतो म्हणून त्यांच्या पायाही पडलो.