टरफलं कुठून आणली

सावंतवाडीच्या बाजारात एक बाई ओल्या काजूबिया फोडायला बसायची. बी विळीवर उभी चिरायची, काडीने गर उचलायची आणि दर दोन-चार बियांनंतर बोटं राखेत बुचकळायची. तरी टरफलातलं तेल लागायचंच. बोटांची कातडी काळी पडून सोलून निघालेली असायची. तिची टरफलं मी पिशवी भरभरून न्यायचो. मी कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतो आणि त्या तेलावरचा माझा शोधनिबंध बराच गाजला.

यंदा मी फुशारकीने मोबाइल तिच्यापुढे धरला. म्हटलं, "हे बघा, जगभरातल्या इतक्या लोकांनी आपल्या लेखांत माझ्या लेखाचा दाखला दिलाय."

तिने राखेतली बोटं माझ्या नाकासमोर धरली. "इतक्या लोकांनी वाचल्यानी, मास्तरानू, मगे ही बोटां भाजू नयेत म्हणान एकान तरी काय शोधल्यान?"

मला तिचाच राग आला. हिला काय कळतंय, असं पुटपुटत घरी आलो आणि तिला खोटं पाडायला एकेक लेख उघडला. रंग, गोंद, होड्यांना लावायचं वार्निश. लाकूड वाचवायला सगळे धावले होते. बोटांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

शेवटी माझाच लेख उघडला. निदान त्यात तरी ती असेल. होती एक ओळ: "टरफले स्थानिक बाजारातून मिळवली."

मीच लिहिलेली. अरे गाढवा, बाजाराला बोटं असतात का?