अंजिराच्या डोळ्यातला काटा

"उतरा खाली! आधी उतरा, मग काय ते बोला!"

आमच्या चर्चचे सेक्रेटरी ओरडत होते. आवाज असा, की दौंड जंक्शनात उभी असलेली मालगाडी सिग्नलची वाट न बघता सुटली. खोटं वाटत असेल तर मालगाडीला विचारा. मी पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यावर उभा, समोर सगळी मंडळी, आणि पहिल्या बाकावर पुण्याहून आलेले इब्री म्हणजे हिब्रू भाषेचे पंडित. दहा दिवसांच्या शास्त्राभ्यासासाठी ते आमच्याकडे मुक्कामी होते.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. जुने पाळक, म्हणजे पाद्री, बदलून गेलेले, नवे आलेले नव्हते. मी कासुर्डीचा अंजीरवाला. आजोबांनी मेंढरं सोडून मळा धरला आणि बाप्तिस्माही घेतला. एक रविवार संदेश द्यायला मिळावा म्हणून मी कमिटीकडे तीनदा अर्ज केला होता. उत्तर आलं नाही, म्हणून मीच आलो.

"सर्टिफिकेट कुठं आहे तुमचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ज्या संदेष्ट्यावर बोलणार हाय, त्याच्याकडं तरी कुठं व्हतं?"

बायबलच्या जुन्या करारातला हा संदेष्टा मुळात मेंढपाळ. राजाच्या देवळातल्या याजकानं त्याला हाकललं, तुझ्या मुलखात जा आणि तिथं पोट भर म्हणाला. त्यावर त्यानं सांगितलं, मी धंद्यानं संदेष्टा नाही, मी मेंढरांमागचा माणूस, आणि रानअंजिरांचा 'बोलेस'. हा इब्री शब्द सगळ्या शास्त्रात एकदाच येतो. मराठी भाषांतरात तिथं झाडं राखणारा, अशा अर्थाचं काहीतरी घालून वेळ मारून नेलेली. मी पुलपिटावरूनच पंडितांना अर्थ विचारला.

ते सावकाश उठले. "नक्की सांगता येत नाही. काही जण फळांना चीर देणारा म्हणतात, काही गोळा करणारा. पण कच्च्या फळाला चीर कोण कशाला देईल? मला गोळा करणाराच पटतो."

"साहेब, गोळा तर वानरं बी करत्यात!"

बायका पदराआड हसल्या. मग मी सांगितलं. बाजार लवकर गाठायचा असला की आमच्या घरी बाभळीचा काटा गोड्या तेलात बुडवून कच्च्या अंजिराच्या डोळ्यात टोचतात. डोळा म्हणजे फळाच्या बुडाचं बारीक भोक. आठवड्यात फळ फुगतं. वेळेच्या दोन दिवस आधी टोचलं तर सुरकुतून गळतं. कुठलं फळ टोचायचं, ते हाताला कळावं लागतं.

"हे चर्च आहे, मार्केट यार्ड नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"मग पैज घ्या. पंडितांनी स्वतः टोचावं. पिकलं तर पुढचा रविवार माझा. न्हाई पिकलं तर ह्या पुलपिटाकडं मान वर करून बघणार न्हाई, मरेस्तोवर."

सेक्रेटरींच्या आधी पंडितांनीच पैज कबूल केली, आणि सोमवारी ते एसटीनं मळ्यात आले. पहिलं अंजीर त्यांनी इतकं प्रेमानं टोचलं की ते फाटलंच. दुसऱ्याला मी त्यांचा हात धरला. त्याच्या देठाला त्यांनी आपल्या रुमालाचा धागा बांधला, आणि शेजारचं तेवढंच फळ तसंच ठेवलं. मग मी त्या फांदीखाली खुर्ची टाकून बसलो. बुलबुलांना दिलेल्या शिव्या अर्ध्या दौंड तालुक्यात ऐकू गेल्या. गुरुवारी फळ दगड. शुक्रवारी दगड. बायको म्हणाली, "आता चर्चला जाताना मान खाली घालायची सवय करा." शनिवारी ते असं फुगलं, की फांदी वाकून मला सलाम करायला लागली.

रविवारी पंडितांनी फांदीच कापून चर्चमध्ये नेली. धाग्याचं अंजीर जांभळट, मऊ. शेजारचं हिरवं, टणक. त्यांनी सगळ्यांसमोर पिकलेलं खाल्लं, चिकट बोटांनी वही उघडली आणि म्हणाले, "'गोळा करणारा' खोडतो. 'चीर देणारा' लिहितो."

मी चढलो. म्हणालो, "याजक त्याला पोटाची भीती दाखवत होता. त्यानं काय दाखवलं? आपला हात! माझ्या हातात कसब हाय, तुझ्या देवळाच्या भाकरीवर मी जगत न्हाई. तू मला चाकरीला ठेवलंच न्हाईस, तर काढणार कुठनं?" हे बोलताना मी सेक्रेटरींकडे बघत नव्हतो, असं मी आजही शपथेवर सांगतो. मंडळी म्हणते मी सव्वा तास बोललो. माझ्या मते वीस मिनिटं.

उपासना संपल्यावर मी छाती काढून दारात उभा राहिलो. सेक्रेटरी बाहेर आले.

"मग? पुढच्या रविवारी कशावर बोलू?"

"पुढच्या रविवारी नवे पाळक येतायत," ते म्हणाले. "सामान आणायला तुमचा टेम्पो लागेल."