दूर्वा समजून

माघी गणपतीच्या सकाळी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या लॉनवर मी दूर्वा खुडत होते. बाकावर रोज गवताची पाती नखाने चिरत बसणाऱ्या बाई प्रथमच बोलल्या.

“अहो, या दूर्वा नाहीत! थंडीसाठी पेरलेलं विलायती गवत आहे. आत बुरशी राहते.”

“अच्छा, धुऊन घेते,” जुडी बांधायचं पातं दातांत धरूनच मी म्हटलं.

“जाणार नाही. ती बियांतूनच येते. तिच्या विषामुळे गवताला कीड लागत नाही. पण गाय रोज हेच चरली, तर थरथर कापते, धडपडून पडते.”

मी हादरलेच. “बुरशी काढता येत नाही?”

“येते ना,” चिरलेलं पातं बोटांनी मिटवत त्या म्हणाल्या, “मग किडे गवत फस्त करतात.”

दातांतलं पातं काढायला मी घाईने हात नेला. ते मी केव्हाच चावून गिळलं होतं.