उतारावरची चाल

आमच्या टीमची फिजिओ नसती तर मी आज इथे नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिच्याविषयी मी काय काय मनात आणलं ते पुढे लिहिणार आहे, आणि ते वाचून कुणी तिलाच वाईट समजायला नको. पन्नाशी उलटलेली बाई. केस बारीक कापलेले, गळ्यात दोरीला चष्मा, हाताला कायम मलमाचा वास. खेळाडूंचे गुडघे, घोटे, खांदे सांभाळणं हे तिचं काम. तिने मला वाचवलं. आणि जवळजवळ तीन महिने मी तिच्यापासून लपत फिरत होतो.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या अलीकडे. शाळा मी नववीत सोडली. उंची तेव्हाच दाराच्या चौकटीला लागत होती आणि डोकं पुस्तकात लागत नव्हतं. वाशिंदला एका कारखान्यात खोकी चढवायला लागलो. सुट्टी झाली की शहापूरला एका सिमेंटच्या मैदानावर बास्केटबॉल खेळायला जायचो. तिथून कल्याणची टीम, मग मुंबईच्या स्पर्धा, मग एक एजंट, आणि त्या एजंटामार्फत लिथुआनिया. हा देश नकाशात कुठे आहे ते मला विमानात बसेपर्यंत नीट सांगता आलं नसतं. इथे बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. म्हाताऱ्या बायासुद्धा मॅच बघून चुका काढतात. टीम लहान गावातली, दुसऱ्या लीगमधली. करार एका मोसमाचा, पण पहिले तीन महिने पारखायचे. तेवढ्यात मनाला आलो नाही तर परतीचं तिकीट हातात.

एजंट आमच्या घरी आला होता तेव्हाच आई-बाबांना तो पटला नव्हता. त्याने मला भिंतीला उभं करून टेप लावला, पंजा फाकवायला सांगून तोही मोजला. बाबा ओटीवर बसून बघत होते.

"दात नाय बघायचे?" त्यांनी विचारलं.

एजंट हसला. बाबा नाही हसले.

तो गेल्यावर आई म्हणाली, "चहा घेतला, बिस्किटाला हात नाय लावला. मला नाय आवडला हो हा माणूस."

"पोराला घेऊन जातोय आणि तू बिस्किटाचा काय बोलतेस गो?"

"त्याच्यावरूनच कळतं."

बाबांनी दात विचारले त्यामागे कारण आहे. म्हशाच्या जत्रेत गुरांचा मोठा बाजार भरतो, आणि आमच्या पट्ट्यात बैल घ्यायचा तर लोक बाबांना सोबत नेतात. जनावराची खोड काढण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही. ते दात बघतात, खूर उचलतात, जू बसतं ती खांद दाबतात, आणि शेवटी म्हणतात, "सपाटीवर काय, सगळेच चालतात. उतारावर सोड त्याला." मग स्वतः उताराच्या खाली जाऊन उकिडवे बसतात आणि वरून येणाऱ्या पायांकडे बघत राहतात. पाय दुखरा असेल तर जनावर चढणीला तो लपवतं, उतरताना त्याला लपवता येत नाही.

पण विकणारा खोड स्वतःहून कधीच सांगत नाही. त्यात कुणाला लबाडी वाटत नाही. शोधणं हे घेणाऱ्याचं काम. लहानपणापासून मी हेच बघितलेलं, आणि हेच माझ्या अंगाशी आलं.

माझा उजवा गुडघा शहापूरच्या त्या सिमेंटवरच गेला होता. इथे यायच्या वर्षभर आधी. वाटीच्या खाली कुणी खिळा ठोकल्यासारखं दुखायचं. आईने निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला. चालता यायचं, पळताही यायचं, उडीही जमायची. जिना उतरताना मात्र कळ डोळ्यापर्यंत यायची. इथे आल्यावर तपासणी झाली. कागदावर विचारलं होतं, आधी कुठे दुखापत झाली आहे का? मी 'नाही'वर खूण केली. डॉक्टरने गुडघा दाबून विचारलं, दुखतं? म्हटलं, नाही. तो जवान पोरगा होता, घाईत होता. मनात म्हटलं, घेणाऱ्याने बघितलं नाही, त्याला आपण काय करणार.

क्लबने राहायला खोली दिली, बूट दिले, एक सायकल दिली. सायकलीवर माझा दोन दिवस विश्वास बसला नाही. फुकट सायकल कोण देतं? सीटखाली, हँडलच्या नळीत वाकून बघितलं. कराराचं प्रत्येक पान फोटो काढून एजंटाला पाठवायचो, आणि तो नुसता अंगठा पाठवायचा. त्या अंगठ्याचीही मला भीती वाटायची. इथली माणसं उगाच हसत नाहीत, म्हणून एखादा हसला की वाटायचं, याला काहीतरी कळलंय.

आणि पहिल्याच आठवड्यात त्या फिजिओ बाईने आम्हा सगळ्यांना प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून वर पाठवलं. अगदी शेवटच्या रांगेपर्यंत. मग म्हणाली, आता सावकाश खाली या.

ती खाली खुर्ची टाकून बसली होती. हातात चहाचा मग. चष्म्याच्या वरून बघत होती, आणि कुणाच्याही तोंडाकडे नाही, फक्त पायांकडे. ते बसणं मला ओळखीचं होतं.

मी उतरलो. जमेल तितका सरळ उतरलो.

"पाय कसा आहे?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं. माझंही इंग्रजी तसलंच, त्यामुळे आमचं जमायचं.

"फाइन."

"दोन्ही?"

"दोन्ही फाइन."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. छोटी, निळ्या पुठ्ठ्याची वही. त्या दिवसापासून माझं खेळाकडे कमी आणि त्या वहीकडे जास्त लक्ष.

मी उपाय केले. पायऱ्या उतरायच्या झाल्या की दोघातिघांच्या मागे राहायचो, म्हणजे पाय दिसणार नाहीत. दोन्ही गुडघ्यांना पट्टे घालायला लागलो, म्हणजे दुखरा कुठला ते कळणार नाही.

"तुझ्या दोन्ही गुडघ्यांना थंडी वाजते?" तिने विचारलं.

"आमचा देश गरम आहे," मी म्हणालो.

"हो का. मग हात उघडे कसे?"

सराव संपला की माझ्या खुर्चीशेजारी बर्फाची पिशवी ठेवलेली असायची. कुणी ठेवली ते कुणी बोलायचं नाही. मी तिला शिवायचो नाही. बर्फ लावला म्हणजे दुखतंय हे कबूल केल्यासारखं. पाखरं धरायला दाणे टाकतात तसं ते मला वाटायचं. पिशवी तिथेच वितळायची, आणि दुसऱ्या दिवशी नवी.

शेवटी एकदा मी ते केलं, ज्याची मला अजून लाज वाटते. ती फोनवर बोलायला बाहेर गेली होती, वही टेबलावर होती. मी माझ्या नावाचं पान शोधलं, फोटो काढला, आणि शौचालयाचं दार लावून फोनमधल्या भाषांतराच्या ॲपला दिला. ॲपने मोडकंतोडकं मराठी दाखवलं: "उजवा. जिना. अजून बोलला नाही."

म्हणजे तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मग बोलत का नाही? मी सरळ हिशोब लावला. ही क्लबची नोकर आहे. माझ्याविरुद्ध एकेक गोष्ट गोळा करतेय. तीन महिने भरत आले की वही कोचसमोर ठेवणार, आणि माझं तिकीट काढणार.

त्यातच कोचने सांगितलं की तीन महिने संपायच्या आधी नव्या खेळाडूंच्या गुडघ्यांचं स्कॅनिंग होईल. नवे आम्ही दोघेच, मी आणि आणखी एक पोरगा. दहा दिवस उरले होते. हे तिनेच घडवून आणलं याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. मॅचमध्ये मी उडी मारायला घाबरायला लागलो, कोच मला लवकर बाहेर बसवायला लागला. परत गेलो तर काय, हे डोळ्यासमोर दिसत होतं. नववीत सोडलेली शाळा, मोडका गुडघा, वाशिंदला खोकीही उचलता येणार नाहीत. आणि गावात नाक्यावर बसलेले विचारणार, "काय रे, परत पाठवला काय?"

घरी मी काही सांगितलं नव्हतं. पण त्या आठवड्यात दुपारी बाबांना फोन लावला. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. ते वालाच्या शेतात होते, बांधाच्या एका टोकाला उभं राहिलं तरच रेंज मिळते.

"काय झाला रे? आवाज असा का?"

"काय नाय."

"काय नाय तर फोन कशाला केलास? बोल."

मग सगळं बोललो. गुडघा, खोटी खूण, पायऱ्या, स्कॅनिंग, वही. ते ऐकत राहिले. मग त्यांनी जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"जिन्यावरून उतरवला तुला?"

"हो."

"कोणी, डॉक्टरनी?"

"नाय, बाईने. ती फिजिओ आहे ती."

"आणि स्वतः खाली बसली?"

"हो बाबा."

"ती जाणकार हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी बाजारातल्या दोन-तीन माणसांविषयीच ऐकला असेल.

"जाणकार आहे म्हणूनच तर भीती वाटते."

"येडा हायस तू. तिला तुला हाकलायचा असता तर पहिल्याच दिवशी हाकलला असता. थांबली कशाला?" मग आवाज चढला. "बाजारात लपवलास, ठीक. पण आता तू त्यांच्या गोठ्यात हायस ना? गोठ्यातल्या बैलानी पाय लपवला, मालक रोज जुंपत राहिला, तर काय होतं त्याचा? तू बघितलायस. मी तुला दाखवलाय."

मी बघितला होता. तो बैल जुवाखालीच बसला होता, परत उठला नाही.

"आजच सांग तिला. उद्या नको."

तरी मी दुसऱ्या दिवशी गेलो. तेवढीही हिंमत एकदम नाही झाली. सकाळी ती एकटीच टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी दोन्ही पट्टे काढून तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "उजवा. इथे यायच्या आधीपासून. मी खोटं सांगितलं."

तिने घडी पुरी केली. मग म्हणाली, "माझं अक्षर वाचता आलं का?"

मला धरणी दुभंगावी असं झालं.

"वही उलटी ठेवली होतीस," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नीट ठेव."

मी विचारलं, माहीत होतं तर बोलली का नाहीस? ती म्हणाली, मी सांगितलं असतं तर तो माझा रिपोर्ट झाला असता. मग तू लपवणारा खेळाडू, आणि लपवणाऱ्याला क्लब ठेवत नाही. तू सांगितलंस तर तू दुखरा खेळाडू. त्याच्यावर मी काम करू शकते. "स्कॅनिंगच्या आधी येशील की नाही, याची मला काळजी लागली होती."

आम्ही दोघं कोचकडे गेलो. तो चिडला, टेबलावर हात आपटला. त्यांचं त्यांच्या भाषेत बराच वेळ चाललं. मला एक शब्दही कळत नव्हता, आणि खरं सांगतो, तेव्हासुद्धा मला वाटत होतं की आता ही पलटणार. ती पलटली नाही. नंतर तिने मला सांगितलं की तिने कोचला दोनच गोष्टी म्हटल्या. याला आज हाकललंत तर यापुढे एकही खेळाडू मला खरं सांगणार नाही. आणि सहा आठवडे द्या. हा उभा नाही राहिला तर चूक माझी असं लिहून देते. तिने खरंच लिहून दिलं. तो कागद मी पाहिला, ॲप न लावता, नुसती तिची सही.

ते सहा आठवडे ती रोज सगळ्यांच्या तासभर आधी यायची. तिरक्या फळीवर एका पायाने सावकाश खाली बसायचं. भिंतीला पाठ टेकून, मांड्या थरथरेपर्यंत तसंच थांबायचं. "दुखतं?" ती विचारायची, आणि मी दहापैकी किती ते सांगायचो. चार असताना तीन सांगितलं तर ती माझ्या कपाळाकडे बघून म्हणायची, "चार." खोटं बोलायची सवय एका आठवड्यात जात नाही.

सातव्या आठवड्यात मी नऊ मिनिटं खेळलो. चार रिबाउंड, एक बास्केट. पुढच्या मॅचला कोचने बारा मिनिटं दिली. करार मोसम संपेपर्यंत राहिला. पुढच्या वर्षीचं अजून माहीत नाही. एजंट म्हणतो होईल, पण अंगठाच पाठवतो, त्यामुळे मी काही धरून चालत नाही.

एकदा मी तिला शाल दिली, आईने पाठवलेली. तिने ती माझ्याच खांद्यावर टाकली आणि म्हणाली, आईची वस्तू अशी देत नाहीत. चहासुद्धा ती माझ्याकडून घेत नाही. गावाबाहेर तिचा जमिनीचा एक तुकडा आहे, तिथे ती बटाटे लावते. एकटीच खणते. मुलं दूरच्या शहरात, नवरा नाही. एकदा तिच्या हाताला फोड आलेले बघितले, विचारलं तर म्हणाली, कुदळ.

आमच्याकडे भाताच्या लावणीला जो आपल्या शेतावर राबला, त्याच्या शेतावर आपण जायचं असतं. मोसम संपला की ह्या गुडघ्यावर मातीत उकिडवं बसता येईल का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, यंदा नाही, अजून वर्षभर तरी नाही. ठीक आहे. ज्या वर्षी ती हो म्हणेल त्या वर्षी, मी ह्या टीममध्ये असेन, दुसऱ्या देशात असेन किंवा मुरबाडला परत आलेलो असेन, मी येईन आणि तिचा तो सगळा तुकडा एकटा खणून देईन. तिला कुदळीला हात लावू देणार नाही.