बंबवाल्यांचा धरणारा

गावातल्या निम्म्या लोकांनी मिठ्याचा मार खाल्ला होता, आणि तरीही सगळं गाव रोज सकाळी त्याच्याकडूनच पाव घ्यायचं. तो बेकरीवाला होता. वडिलांच्या हाताखाली कणीक तिंबून तिंबून त्याचे दंड खांबासारखे झाले होते. पण मारामारी हा त्याचा धंदा नव्हता, आणि स्वभाव तर मुळीच नव्हता. कुत्र्याला दगड मारायचा तोसुद्धा चुकेल असा. माणसांना तो फक्त आगीच्या ठिकाणी मारायचा, आणि तेही ज्यांचं घर जळतंय त्यांनाच.

परगावचा माणूस हे ऐकून तोंडात बोट घालायचा. त्याला मग वखारीची आग सांगावी लागायची.

तेव्हा गावात बंब नव्हता. होत्या त्या बादल्या आणि आरडाओरडा. लाकडाची वखार भर दुपारी पेटली. वखारवाल्याची बायको बाहेर आली होती; केस जळालेले, पण धडधाकट. सासू आत राहिली असं तिला वाटलं. सासू तर केव्हाच मागच्या दाराने शेजाऱ्यांच्या परसात जाऊन बसली होती, पाणी पीत. पण त्या गोंधळात कोण कोणाला सांगणार? बायको परत आत गेली. तिच्यामागे नवरा गेला. नवऱ्यामागे त्याचा भाऊ निघाला, तेव्हा बादल्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या तरुण मिठ्याने त्याचा शर्ट पकडला. शर्ट हातात राहिला आणि माणूस आत गेला. दुसऱ्या दिवशी आकड्यांनी ओढून तिघांना बाहेर काढलं. नवराबायको एकमेकांना असे चिकटले होते की वेगळे करता आले नाहीत. सासू पुढे खूप वर्षं जगली, आणि जगली ती कोणाशी एक शब्द न बोलता.

त्यानंतर पोस्टमास्तरांनी माणसं गोळा केली. लोहाराने दोन दांड्यांचा पंप बनवून गाडीवर चढवला, सुताराने शिड्या केल्या, बाजाराच्या टोकाला एक पडकी शेड साफ करून तिचं बंबघर झालं. पगार कोणाला नव्हता. कोणी नळी धरायची, कोणी पंप मारायचा, कोणी शिडी लावायची, हे ठरलं. आणि एक काम ठरलं ते बाकी कुठल्या बंबवाल्यांत नसेल. धरणाऱ्याचं. बाहेर आलेला माणूस परत आत जाऊ द्यायचा नाही. हात जोडून थांबला तर ठीक, नाहीतर हाणून.

"आत कोण आहे, कोण नाही, ते मी मोजणार," पोस्टमास्तरांनी सगळ्यांदेखत बजावलं. "धरणाऱ्याने मोजायचं नाही आणि कोणाचं ऐकायचंही नाही. ऐकलं की हात सैल पडतो."

तो फाटका शर्ट मिठ्याने टाकला नव्हता. हे काम त्यानेच मागून घेतलं.

त्याची पद्धत ठरलेली. कपड्याला कधी हात घालायचा नाही. मागून जायचं, काखेतून हात घालून माणूस जमिनीपासून उचलायचा. नाहीच आवरला तर गुडघ्यामागे लाथ. तरीही उठला तर हनुवटीखाली ठोसा. त्याचं मिठ्या हे नाव अशा मिठ्या मारण्यावरूनच पडलं, आणि ते पाडणारा न्हावी त्या वेळी खांद्याचं हाड मोडून घरी पडलेला होता. शाळामास्तरांचे पुढचे दात गेले. स्वतःच्या मेहुण्यालासुद्धा त्याने सोडलं नाही.

"माझ्या भावाचं नाक फोडलंत तुम्ही!" बायको त्या दिवशी कडाडली.

"नाक फुटलंय. भाऊ आहे ना?"

"आहे."

"मग वाढ."

न्हाव्यापासून आणखी एक रीत पडली. हात गळ्यात बांधलेला न्हावी तणतणत बंबघरावर आला आणि दुसऱ्या हाताने त्याने मिठ्याच्या अशी कानाखाली काढली की शेडमधली कबुतरं उडाली. लोहार धावून गेला. पोस्टमास्तर म्हणाले, "बस खाली. त्याचा हक्क आहे." तेव्हापासून तसंच चालत आलं. आग विझल्यावर, धरलेल्या माणसाने बंबघराच्या पायरीवर यायचं, मिठ्याने हात मागे बांधून उभं राहायचं, एक थप्पड. एकच. मग मिठ्या पाटीतला गरम पाव काढून द्यायचा आणि विषय संपायचा. गावात तेवढ्यावरून कोणी डूख धरला नाही.

शिंप्याचं घर पेटलं ते संध्याकाळी. कापडाचे तागे, चिंध्या, लाकडी जिना, वेळ लागतो कशाला? शिंपीण पाणी भरायला गेली होती, ती हंडा टाकून धावत आली. शिंपी मिठ्याचा दोस्त, म्हणून तो तिला वहिनी म्हणायचा. वहिनी दाराच्या चार हातांवर आली आणि मिठ्याने तिला मागून उचललं.

"ते आत आहेत! ताप आलाय त्यांना, जिन्याखालच्या खोलीत निजलेत! मला वाट माहितीये, दादा, सोडा!"

मिठ्याने मान वळवून पोस्टमास्तरांकडे पाहिलं. पोस्टमास्तरांनी हात हलवला, आत कोणी नाही. त्यांनी धुरातून शिंप्याचा करडा कोट बाहेर जाताना पाहिला होता. त्याच ताग्यातून शिंप्याने न्हाव्यालाही कोट शिवून दिला होता, आणि धुरातून गेला तो बादली घेऊन मदतीला आलेला न्हावी, हे कोणाच्या लक्षात यावं?

वहिनीने मिठ्याच्या मनगटाचा लचका तोडला. मिठ्याने तिचा उजवा हात पाठीवर पिरगळला. ती तरीही पुढे गेली. हात कडकन मोडला, आणि ती तरीही पुढे गेली. मग त्याने तिला खाली पाडून तिचं तोंड चिखलात दाबलं आणि तिच्यावर बसला. ती चिखलातून ओरडत राहिली, जिन्याखाली, जिन्याखाली. त्याने ऐकलं नाही. ऐकायचं नाही असंच ठरलेलं होतं.

मग आतून शिंप्याचा आवाज आला. त्याने बायकोला हाक मारली. सुतार आत घुसायला गेला तोवर जिना पेटला होता. शिंपी आणखी दोनदा ओरडला आणि मग ओरडला नाही.

छप्पर लगेच कोसळलं असतं तर मिठ्याला बरं वाटलं असतं. धरली म्हणून वाचली, असं स्वतःला सांगता आलं असतं. पण छप्पर पडलं नाही. चांगलं अंधारून येईपर्यंत ते तसंच उभं होतं, आणि जिन्याखालच्या खोलीची वाट सुरुवातीला मोकळी होती हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मिठ्या पायरीवर जाऊन उभा राहिला. शिंपीण आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तो पाव विकून झाले की रोज तिथे जाऊन हात मागे बांधून उभा राहू लागला, तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले, "पुरे. लोक बघतात." स्वतः पोस्टमास्तरांनी तिचे पाय धरले होते; ती पाय सोडवून घरात निघून गेली होती. एकदा रस्त्यात गाठून मिठ्या तिला म्हणाला, "वहिनी, एकदा या ना बंबघरावर."

"येईन," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्याला दुसरं काही नको होतं. माफी नको होती, ती मागायची लाज वाटत होती. फक्त ती एक थप्पड हवी होती. "झोपेत गाल पुढे करता तुम्ही," बायको म्हणायची. "मीच देऊ का एक?" आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

शिंपीण बंबघरावर आली ती हात सांधल्यावर. हात वाकडा सांधला होता. मिठ्या कोपऱ्यात नळी गुंडाळत होता, तो उठून उभा राहिला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"मला पंपावर घ्या," ती पोस्टमास्तरांना म्हणाली.

"वहिनी, तुमचा हात..."

"खांद्याच्या वर जात नाही. पंपाचा दांडा खांद्याच्या खालीच असतो. आणि एक. धरणाऱ्याने सोडायचं नाही, पण ऐकायचं. कुठे आहे ते विचारायचं आणि ओरडून तुम्हाला सांगायचं. मोजणाराही चुकतो."

पोस्टमास्तरांनी मान खाली घातली. नियम बदलला.

पुढची काही वर्षं ती दोघं एकाच बंबाच्या मागे धावली. मिठ्या माणसं धरायचा, ती पंप मारायची. दोघांत शब्द नाही. इतरांच्या थपडा तो खात राहिला. त्या गालाला लागायच्या, आत पोचायच्या नाहीत. नवा नियम तो इमानाने पाळायचा, विचारायचा, ओरडून सांगायचा. पण दर वेळी विचारताना त्याची नजर पंपाकडे जायची.

आणि मग बेकरी पेटली. भट्टीवर वाळत घातलेल्या लाकडांनी पेट घेतला, तिथून पोती, तिथून माडी. मिठ्या बाजारात पाव विकत होता. बायकोचं डोकं दुखत होतं म्हणून ती वर निजली होती. धूर कुठला हे लोकांनी सांगण्याआधीच पाटी फेकून तो पळत सुटला.

धरणाऱ्याला कोणी धरायचं, याचा विचार नियम करताना कोणाच्या डोक्यात आला नव्हता. लोहार आडवा आला. मिठ्याने त्याच्या तोंडावर डोकं आपटलं, लोहार नाक धरून खाली बसला. सुताराला त्याने उचलून शिडीवर फेकला, बरगडी मोडल्याचा आवाज आला. पोस्टमास्तरांच्या पोटात लाथ बसली. म्हाताऱ्या माणसाला आपण लाथ मारली हे मिठ्याला कळलंसुद्धा नाही. पुढच्या दारातून जाळ बाहेर येत होता आणि तो दोन ढांगांत आत गेला असता.

शिंपिणीने पंप सोडला. गाडीवरचा सुटा लोखंडी दांडा तिने उचलला आणि मागून जाऊन त्याच्या गुडघ्यामागे हाणला. तो वाकला, पण पडला नाही. तिने पुन्हा हाणला, बाजूने, सगळं अंग टाकून. गुडघा फुटला. तो तोंडावर पडला तशी ती त्याच्या पाठीवर बसली आणि वाकडा हात तिने त्याच्या गळ्याखाली अडकवला.

"माडीवर आहे ती! मला वाट माहितीये! वहिनी, सोडा!"

"कुठल्या खोलीत?"

तो नुसता गुरासारखा ओरडत होता. तिने त्याचे केस धरून कपाळ जमिनीवर आपटलं. "कुठल्या खोलीत ते बोल, मेल्या!"

"मागच्या! खिडकीखाली! पोत्यांच्या आड!"

"मास्तर!" ती किंचाळली. "मागची खोली, खिडकीखाली, पोत्यांआड! शिडी मागून लावा!"

पोट धरून पोस्टमास्तर उठले. शिडी मागे गेली. पुढच्या दारात तेवढ्यात जिना कोसळला आणि मिठ्या जिथून जाणार होता तिथून ज्वाळांचा लोट रस्त्यावर आला. त्या दोघांच्या भुवया जळाल्या. थोड्या वेळाने मागून खोकण्याचा आवाज आला, आणि मग बायकोचा, सुताराला शिव्या घालत असलेला. मोडक्या बरगडीनिशी तो तिला खिडकीतून पायांकडून ओढत होता. तळपाय सोलले होते, केस गेले होते. जिवंत होती.

मिठ्याला आनंद झाला, तो कोणाला होणार नाही? पण आनंदाच्या पाठोपाठच दुसरी गोष्ट आली. आपली बायको एका प्रश्नाने वाचली. कुठे, एवढाच प्रश्न. त्या संध्याकाळी तो विचारायला त्याला वेळ होता, तोंड होतं, आणि उत्तर तर वहिनी न विचारता देत होती. तो रडायला लागला. शिंपीण त्याच्या पाठीवरून उठली आणि परत पंपावर गेली. आग अजून विझली नव्हती.

मिठ्याला काठीवर चालता यायला लागल्यावर बायको म्हणाली, "जा बंबघरावर. रीत आहे." तिचे पाय फडक्यात गुंडाळलेले होते. "तुमची पाळी आहे की तिची, ते तिथे ठरवा."

बंबवाले सगळे जमले होते. शिंपीण पायरीवर उभी होती. वाकडा हात तिने कसाबसा पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताने धरला होता.

"मारा," ती म्हणाली.

मिठ्याने काठी बाजूला ठेवली. फुटलेला गुडघा वाकत नव्हता, म्हणून भिंतीचा आधार घेत, पाय सरळ ठेवून तो सगळ्यात खालच्या पायरीवर बसला. हात मागे बांधले.

"तुमची आधीची आहे, वहिनी."

तिने पाठीमागे धरलेला वाकडा हात सोडला.

"डाव्याने कधीच मारली असती," ती म्हणाली. "मला मोडलेल्यानेच मारायची होती. पण तो तुमच्या तोंडापर्यंत जात नव्हता."

"आता जाईल."

ती दोन पायऱ्या उतरून त्याच्यासमोर आली आणि तिने मारली. त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. रिवाज एका थपडेचा होता. तिने दुसरी मारली. मग मूठ वळली. ओठ फुटला, भुवईवरची जळकी खपली निघून रक्त डोळ्यात गेलं, आणि ती वाकड्या हाताने त्याला मारत सुटली. "जिन्याखाली होते! जिन्याखाली! सांगत होते ना मी!" पोस्टमास्तर सवयीने पुढे झाले, लोहारही उठला. मिठ्याने रक्ताळलेल्या तोंडाने नको नको अशी मान हलवली. दोघं जागच्या जागी थांबले. तिचा हात दमेपर्यंत तिला कोणी धरलं नाही.